निळ्या डब्यांचा भाव

नाणेमास्तर खरं म्हणजे मास्तर कधीच नव्हते. पोस्टात तीन नंबरच्या खिडकीमागे एकतीस वर्षं बसलेले साधे कारकून ते. पण सरकार दर वर्षी कुठल्या ना कुठल्या निमित्ताने स्मारक नाणी काढायचं, ती खपवायचं काम तीन नंबरच्या खिडकीकडे असायचं, म्हणून लोकांनी त्यांना ही पदवी बहाल केली आणि त्यांनीही ती कधी नाकारली नाही. मोठ्या पुलाची पन्नाशी, रेल्वेची शंभरी, हवामान खात्याची पंचाहत्तरी. हवामान खात्याचं नाणं कोण घेणार, असं तुम्हाला वाटेल. मास्तरांनी त्याचे एकशे दहा डबे खपवले होते. निळ्या मखमलीचा डबा खिडकीतून पुढे सरकवायचे, झाकण अर्धंच उघडायचे आणि म्हणायचे, "आज घेऊन ठेवा. वीस वर्षांनी माझी आठवण काढाल."

वीस वर्षांनी पहिली आठवण काढली ती त्यांच्या धाकट्या भावजयीने.

शनिवारी सकाळी ती दोन पिशव्या घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर एकेक करून सव्वीस डबे मांडून मोकळी झाली. मास्तरांचा भाऊ जाऊन सात महिने झाले होते. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करायचा तो. डब्यांवरची प्लास्टिकची पारदर्शक वेष्टणंसुद्धा त्याने काढली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशा या सव्वीस मुठी.

"भाऊजी, हे विकायचं म्हणते," भावजय म्हणाली. तिला ऐकू कमी यायचं, म्हणून ती स्वतः मोठ्याने बोलायची. "पाळणाघराच्या बाईंनी महिन्याची मुदत दिलीय. परवा आतल्या खोलीत एक पोर रडून रडून निळं पडलं आणि मी इकडे दुधाच्या बाटल्या धूत बसलेले. बाई वाईट नाहीत. पण त्या तरी काय करतील? कानाचं यंत्र बसवलं तर नोकरी राहील, नाही तर नाही."

"कितीला येतं यंत्र?" मास्तरांनी बोटांनी विचारलं.

"चाळीस हजार. दोन्ही कानांचं ऐंशी, पण एकावर भागेल म्हणाले. हे नेहमी म्हणायचे, काही अडलं तर दादाचे डबे आहेत. दादा सांगतो ते वाया जात नाही."

मास्तरांची बायको चहा घेऊन आली, डब्यांकडे एकदा आणि नवऱ्याकडे एकदा बघून आत गेली. भावजयीने कप उचलला आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे पोस्टाचं घड्याळ होतं. चौकोनी, लाकडी चौकटीचं, खाली पितळी पट्टीवर 'सर्वाधिक नाणेविक्रीबद्दल' असं कोरलेलं.

"छान आहे हो घड्याळ," ती म्हणाली. "आणि आवाज नाही त्याचा."

घड्याळाचा आवाज एवढा होता की पाहुणे त्या खोलीत झोपायला नाखूष असत. चोराच्या मनात चांदणं. ती सहज बोलली होती, पण त्यांना वाटलं, हिला सगळं ठाऊक आहे.

ठाऊक असण्यासारखं होतं ते असं. ज्या वर्षी ते घड्याळ मिळालं, त्या वर्षी शेवटच्या दिवशी दुपारी मास्तरांचा आकडा दुसऱ्या एका पोस्टापेक्षा चार डब्यांनी मागे होता. त्याच दुपारी भाऊ खिडकीशी आला, तो पैसे काढायला. त्याला एक जुनी मालवाहू गाडी मिळत होती, तिच्यावर तो भाड्याने माल वाहणार होता. खांद्यावर अवजारांची पेटी घेऊन जिने चढायचं तरी सुटणार होतं, कारण लिफ्ट बंद असेल तिथेच लिफ्टवाल्याला बोलावतात, आणि मग त्याला चालतच वर जावं लागतं, हा त्याचा आवडता विनोद. मास्तर त्याला म्हणाले, "गाडी गंजते, नाणं गंजत नाही." आणि पाच डबे पुढे सरकवले. सोनेरी संच, त्या वर्षीचा सगळ्यात महाग. भावाने थोडा वेळ डब्यांकडे बघितलं, मग म्हणाला, "दादा, तू म्हणतोस म्हणजे बरोबरच असणार." चार डबे कमी पडत होते, मास्तरांनी त्याला पाच दिले. एक जास्तीचा असलेला बरा म्हणून.

चहा संपवताना भावजय सहज बोलून गेली, "ह्यांचा उजवा खांदा शेवटपर्यंत खाली होता. शर्ट शिवताना टेलरबाई म्हणायच्या, मापच चुकतंय माझं." ती हसली. मास्तरही हसले, आणि त्यांचं त्यांनाच ते हसू सहन होईना.

सोमवारी ते डबे घेऊन जुन्या बाजारातल्या नाणेवाल्याकडे गेले. जिन्याखालचं दुकान, दारात दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. आत चाळिशीतला एक माणूस डोळ्याला भिंग लावून काहीतरी बघत होता. मास्तरांनी पिशवी उघडायच्या आतच तो म्हणाला, "निळे डबे ना? किती आहेत?"

"सव्वीस."

"काका, वाईट वाटून घेऊ नका." त्याने मागचं कपाट उघडून दाखवलं. वरपासून खालपर्यंत निळे डबे, विटा रचल्यासारखे. "दर आठवड्याला कोणी ना कोणी घेऊन येतं. आता मी घेणं बंद केलंय."

"पण मर्यादित आवृत्ती आहे," मास्तर म्हणाले. वर्षानुवर्षांची सवय, शब्द आपसूक आले. "आत पत्रक आहे. फक्त चार लाख."

"चार लाख!" नाणेवाला मनापासून हसला. "काका, चार लाख म्हणजे घरटी एक झालं की. चारशे असते तर मीच तुमच्या घरी आलो असतो. शिवाय ज्याने घेतलं त्याने जपून ठेवलं. एकही हरवलं नाही, एकही झिजलं नाही. मग दुर्मीळ होणार कसं? जी नाणी लोकांनी खर्चून टाकली त्यांना आज भाव आहे, जी सांभाळली त्यांना नाही. या धंद्याची गंमतच ती."

मास्तरांनी सोनेरी संचाचा डबा पुढे केला. नाणेवाल्याने हातमोजा चढवला, वेष्टण फाडलं, नाणं काट्यावर ठेवलं, भिंगातून कडा पाहिली आणि परत ठेवलं.

"मुलामा. आत तांबं-निकेल. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा." मग त्याने कुतूहलाने विचारलं, "एवढी कोणी गळ्यात मारली हो तुमच्या? पोस्टातला कोणीतरी भामटा असणार. त्यांना बक्षिसं असायची म्हणतात."

"होता एक," मास्तर म्हणाले.

"बँकेत नेऊन द्या. नाण्यावर आकडा छापलाय तेवढे मिळतील. सगळ्यांचे मिळून सहाशे-साडेसहाशे. डबे मात्र चांगले आहेत, बटणं ठेवायला."

परत येताना मास्तरांनी भावजयीला काय सांगायचं ते तीन वेळा मनात म्हणून पाहिलं. पहिल्या वेळी त्यात सरकारची चूक होती, दुसऱ्या वेळी बाजाराची, तिसऱ्या वेळी स्वतःची. पण तिसरं वाक्य काही केल्या पुरं होईना. चौकात आल्यावर त्यांना वाटलं, पैशाने परत करता येतं ते तोंडाने कबूल कशाला करायला हवं? ही कारकुनी अक्कल. ते तसेच वळले, बँकेत गेले, ठेव मोडली आणि बेचाळीस हजार पाकिटात घालून भावजयीच्या घरी नेऊन दिले.

"एवढे आले?" ती म्हणाली. पाकीट तिने छातीशी धरलं. "ह्यांना कळलं असतं तर!" आणि रडायला लागली. मास्तर खुर्चीत बसून राहिले. खरं सांगायला याहून चांगली वेळ नव्हती, आणि याहून अवघडही नव्हती. तिला मोठ्याने ओरडून सांगावं लागलं असतं, शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्याने. ते निमित्त त्यांना पुरेसं झालं.

सव्वीस डबे त्यांनी कपाटावरच्या बॅगेत लपवले. लपवले म्हणजे बायकोपासून, आणि बायकोला ते दुसऱ्याच दिवशी सापडले. बँकेचा कागदही सापडला. ती भांडली नाही, हे मास्तरांना जास्त लागलं.

"धाकटीला पैसे दिलेत ते बरं केलंत," ती म्हणाली. "तुमच्यामुळेच ती वेळ आली. पण अहो, खोटंच बोलायचं होतं तर थोड्या कमी भावाचं तरी बोलायचं!"

बायकोचं म्हणणं आठवड्यात खरं झालं. यंत्र कानामागे बसलं आणि भावजयीला ऐकायचाच नव्हे तर बोलायचाही हुरूप आला. पाळणाघराच्या दारात, दुकानात, रस्त्यात, भेटेल त्याला ती सांगत सुटली, 'ह्यांच्या डब्यांचे बेचाळीस हजार आले, भाऊजींनी विकून दिले.' पुढच्या शनिवारी सलूनवाला मास्तरांची हजामत करता करता थांबला, वस्तरा तसाच हातात धरून म्हणाला, "मास्तर, मानलं तुम्हाला. माझे अकरा डबे आहेत. कधी आणू?"

गळ्याशी वस्तरा असताना माणूस काय बोलणार? "बघू," मास्तर म्हणाले. बघू म्हणजे हो, असा अर्थ सलूनवाल्याने काढला आणि तो दिवसभर आलेल्या प्रत्येक डोक्याला सांगितला.

संध्याकाळी टेलरबाई जिन्यातच भेटल्या. त्यांचा चेहरा असा उजळलेला मास्तरांनी कधी पाहिला नव्हता. "माझे चौदा आहेत," त्या म्हणाल्या. "सगळे तुमच्याकडूनच. नवीन शिलाई मशीन सांगून आले. सहा हजार आगाऊ दिलेत, बाकीचे गुरुवारी. एवढ्या वर्षांत एखादी वस्तू विचार न करता घेतली बघा पहिल्यांदा."

त्या रात्री मास्तर जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले. बायको म्हणाली, "पोटाला काही झालेलं नाही. उद्या रविवारच आहे, सगळ्यांना बोलवा. मी चहा करते." भावाचं देणं पदरमोड करून फेडलं असं ते आठ दिवस मानत होते, आणि त्याच पैशाने आता दुसऱ्यांना खड्ड्यात ढकलत होते. टेलरबाईंचे सहा हजार! खिडकीमागे बसून विकलं ते नकळत विकलं, असं स्वतःला सांगता तरी येत होतं. हे मात्र जाणूनबुजून झालं होतं.

रविवारी दहा वाजता नऊ जण आले, प्रत्येकाच्या हातात पिशवी. खुर्च्या पुरेनात, सलूनवाला टेबलाच्या कडेला टेकला. भावजय स्वयंपाकघरात जावेला मदत करायला गेली होती. आल्या आल्या ती भिंतीसमोर उभी राहून म्हणाली होती, "अगंबाई, हे वाजतं की! केवढ्याने वाजतं!" आणि लहान पोरीसारखी हसली होती.

मास्तर उठून उभे राहिले. कपाटावरून बॅग काढली आणि सव्वीस डबे टेबलावर ओतले.

"हे माझ्या भावाचे," ते म्हणाले. भावजयीला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज हळू ठेवला. इतक्या वर्षांची सवय. स्वयंपाकघराचं दार उघडं असलं तरी हळू बोललं की तिला ऐकू जात नाही, हे घरातल्या सगळ्यांना पाठ होतं. "विकले गेले नाहीत. कोणी घेत नाही. सगळ्या डब्यांचे मिळून साडेसहाशे होतात. तुमच्याही डब्यांचं तेच होणार."

"मग ते बेचाळीस हजार?" सलूनवाल्याने विचारलं.

"माझे होते. ठेव मोडली."

घड्याळ तेवढं वाजत होतं. मास्तरांना वाटलं, आता बसावं, झालं तेवढं पुरे. पण तिसरं वाक्य अजून राहिलं होतं, चौकात पुरं न झालेलं.

"मला तेव्हाही माहीत नव्हतं असं म्हणू शकतो मी. भाव काय येईल ते खरंच माहीत नव्हतं. पण मी कधी विचारलंही नाही. खपले की झालं. हे घड्याळ दिसतंय ना, ते मला तुमच्या डब्यांबद्दल मिळालं. शेवटच्या दिवशी चार कमी पडत होते. भाऊ गाडी घ्यायला पैसे काढायला आला होता, जुनी मालवाहू गाडी. मी त्याला पाच डबे दिले. गाडी घेऊ दिली नाही. तो पुढे सोळा वर्षं पेटी खांद्यावर घेऊन जिने चढला."

टेलरबाईंनी मांडीवरची पिशवी हळूच खाली ठेवली. "माझे सहा हजार, मास्तर," त्या एवढंच म्हणाल्या.

"मी येतो तुमच्याबरोबर दुकानात. उद्याच. मीच सांगतो त्याला, चूक माझी आहे. आगाऊ परत नाही केले तर मी भरून देईन."

"याच, या," टेलरबाई म्हणाल्या. "आणि त्याच्या तोंडावर सांगा, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. मला एकटीला लाज नको."

माणसं एकेक करून उठली. कोणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सलूनवाला दाराशी थांबला. "वीस वर्षांनी आठवण काढाल म्हणाला होतात," तो म्हणाला. "काढली हो, मास्तर. आता काढतच राहू." आणि अकरा डबे खुळखुळवत जिना उतरला.

मास्तर वळले तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात भावजय उभी होती. हातात चहाचा ट्रे, नऊ कप भरलेले, एकावरही कोणाचा हात न लागलेला. कानामागे ते चिमुकलं यंत्र. त्यांना तेव्हा कुठे लक्षात आलं, की आपण हळू बोललो ते कोणासाठी, आणि त्याचा उपयोग किती झाला.

"सगळं ऐकलंस?" त्यांनी विचारलं. उगाच विचारलं. तिच्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं होतं.

तिने ट्रे टेबलावर ठेवला, डब्यांच्या मधोमध. सोनेरी संचाचा एक डबा उचलला, उलटसुलट करून पाहिला, परत ठेवला.

"गाडीचं मला कधी बोलले नाहीत ते," ती म्हणाली. आता ती मोठ्याने बोलत नव्हती. "मला वाटायचं त्यांना नकोच होती. मी एकदा म्हणाले, घ्या की एखादी जुनी गाडी, खांदा बघा तुमचा. तर म्हणाले, गाडी गंजते."

मास्तरांना बसावंसं वाटलं, पण तिच्यासमोर बसायची त्यांची हिंमत झाली नाही. "माझं चुकलं," ते म्हणाले. "त्याचं नुकसान केलं मी. तुझंही."

"हो," भावजय म्हणाली. "यंत्राचे पैसे मी महिन्याच्या महिन्याला देईन."

"अगं, नको. ते तुझेच..."

"देईन मी." ती भिंतीकडे वळली. "आणि ते घड्याळ काढून द्या मला."

मास्तरांची बायको दारात आली होती, ती मध्ये पडली नाही. मास्तरांनी स्टूल आणलं, वर चढले. सोळा वर्षांत पहिल्यांदा ते घड्याळ खिळ्यावरून निघत होतं. मागे भिंतीवर चौकोनी, स्वच्छ रंगाचा तुकडा राहिला. ते खाली उतरले, बाहीने पितळी पट्टीवरची धूळ पुसली आणि तिच्यासमोर धरलं. मग त्यांना वाटलं, तिच्या एका खोलीच्या घरात एवढा आवाज हिला झोपू देणार नाही. त्यांनी घड्याळ उलटं केलं आणि मागचं झाकण सरकवायला लागले.

"सेल काढून देतो," ते म्हणाले. "फार वाजतं ते."

भावजयीने त्यांच्या हातातून घड्याळ घेतलं आणि उजव्या खांद्याशी धरलं.

"वाजू दे, भाऊजी," ती म्हणाली. "ऐकू यावं म्हणून तर पैसे दिलेत तुम्ही."

ती जिना उतरली. दोन मजले खाली जाईपर्यंत मास्तरांना घड्याळ ऐकू येत होतं.